वजन का वाढतं? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर आणि कणकवलीच्या मधल्या पट्ट्यात मी २२ वर्षं दवाखाना चालवते. वजनाचा प्रश्न इथे फार हळू आवाजात येतो. बीपी मोजून झालं, औषधं लिहून झाली, पिशवी उचलली, की दारापाशी थांबून बाई विचारतात, "डॉक्टर, हे अंग कशानं सुटतंय हो?" मोबाईलवर येणारे प्रश्न जरा धीट असतात. दोन्हीकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वजन कसं उतरवायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. ते चढलं कशामुळे, हे विचारायला फारसं कोणी थांबत नाही, म्हणून इथे सगळा भर कारणांवर आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. माझं वजन ७० किलो आहे. मी लठ्ठ आहे का?

नुसत्या किलोवरून सांगता येत नाही, उंची लागते. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. येतो तो बीएमआय. ७० किलोच्या माणसाची उंची १७५ सेंटीमीटर असेल तर बीएमआय २३ च्या किंचित खाली येतो. उंची १५५ असेल तर तोच २९ होतो. जगभराच्या सर्वसाधारण मापात २५ पासून वजन जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. आपल्याकडचे डॉक्टर मात्र २३ आणि २५ हे आकडे वापरतात. त्याचं कारण प्रश्न २ मध्ये आहे.

बीएमआयपेक्षा मला कमरेचा घेर जास्त सांगून जातो. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला की लक्ष द्यायचं. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर लावायची. पुरुष हमखास पोटाच्या खाली, पँटचा पट्टा बांधतात तिथे मोजतात आणि "३४ च आहे" म्हणतात. तो पँटचा आकडा झाला, पोटाचा नव्हे.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष बीएमआय २५ च्या वर होते. तेव्हा तुम्ही यात एकटे नाही.

२. माझे हातपाय काटकुळे आहेत, फक्त पोट सुटलंय. मग हा लठ्ठपणा कसा?

कोकणात सर्वांत जास्त दिसणारा लठ्ठपणा हाच. वजनाचा काटा ६२ दाखवतो, दंड बारीक, आणि शर्टाचं तिसरं-चौथं बटण ताणलेलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपल्याकडे तेवढ्याच वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि ती पोटात, आतड्यांभोवती, यकृतात साठायला पाहते.

याचं मूळ गर्भापर्यंत जातं. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक यांच्या गटाने जन्मलेली बाळं मोजली. ती सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोने हलकी. पण ही घट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव लहान राहिले होते, कातडीखालची चरबी बऱ्यापैकी टिकून होती. आईला पुरेसं अन्न नसलं की बाळ असं काटकसरीचं शरीर घेऊन येतं. आपल्या आज्या दिवस भरत आले तरी लावणीला वाकत होत्या, हे लक्षात घेतलं तर पुढच्या दोन पिढ्यांच्या पोटाचा घेर मला तरी नवलाचा वाटत नाही.

३. शेवटी जास्त खाल्लं म्हणूनच वजन वाढतं ना? मग इतर कारणं कशाला शोधायची?

विहिरीचं पाणी का चढलं, असं विचारलं आणि कोणी "उपसलं त्यापेक्षा जास्त आलं म्हणून" असं सांगितलं, तर ते खोटं नाही. पण त्यातून कळत काहीच नाही. पाऊस झाला, की वरच्या अंगाला बंधारा घातला, की पंप बिघडला?

वजनाचंही तसंच आहे. आलेल्या आणि खर्च झालेल्या उष्मांकांचा हिशेब नेहमीच खरा असतो. प्रश्न असतो तो हिशेब कशाने बिघडला याचा. भूक का वाढली, पोट भरल्याची जाणीव उशिरा का होते, हालचाल कुठे गेली, शरीर चरबी साठवायला का लागलं. याची उत्तरं माणसागणिक वेगळी, आणि एकाच माणसात बहुधा तीन-चार एकत्र. म्हणून मी पहिला प्रश्न "काय खाता?" असा विचारत नाही. "कधीपासून?" असा विचारते. आपल्याकडे लोक तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. "गेल्याच्या गेल्या गणपतीत हाच ब्लाऊज सैल होत होता." एवढ्यावर अर्धं काम होतं, कारण मग त्या गणपतीनंतर काय घडलं ते शोधता येतं. नोकरी बदलली? गोळी सुरू झाली? घरातलं माणूस गेलं?

४. आमच्या घराण्यातच जाडी आहे. मग काही करण्यात अर्थ आहे का?

घराण्याचा वाटा मोठा आहे, हे आधी मान्य करू. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या बीएमआयच्या फरकातला सुमारे ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडलेला असतो. २००७ साली एफटीओ या जनुकाचा संबंध सापडला. त्याची जोखमीची प्रत आई आणि बाप दोघांकडून मिळालेल्यांचं वजन सरासरी ३ किलोने जास्त भरतं. अशी शेकडो जनुकं आहेत, प्रत्येकाचा वाटा लहान. त्यातली बरीचशी मेंदूत काम करतात, भूक आणि तृप्ती ठरवतात. म्हणजे "मला सारखी भूक लागते" म्हणणारा माणूस बहाणे करत नसतो. त्याला खरोखर जास्त भूक लागते.

पण ४० वर्षांत कोकणातली जनुकं बदलली नाहीत, वजनं बदलली. बियाणं तेच, खाचर बदललं. कुठल्या खाचरात आपण आहोत, हे पुढच्या उत्तरात.

एकाच जनुकाच्या बिघाडाने होणारा लठ्ठपणा फार विरळा. त्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

५. माझे आजोबा परातभर भात खायचे आणि ८५ वर्षं सडसडीत होते. मी त्यांच्या निम्मा भात खातो तरी पोट सुटलंय. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि मला तो आवडतो, कारण त्यात आपल्या किनारपट्टीचा सगळा बदल आहे.

आजोबांचा दिवस आठवा. मृगाचा पाऊस पडला की नांगरट, मग गुडघाभर चिखलात चिखलणी, लावणीला दिवसभर वाकून उभं राहणं. भाद्रपदानंतर कापणी, झोडणी, भारे डोक्यावर घेऊन खळ्यापर्यंत चढ. कामं संपली की कवळं तोडणं, शेणखत वाहणं, भाजावळ. बाजाराला जायचं तर घाटी उतरून चार मैल चालत, येताना ओझं घेऊन तीच घाटी चढत. आजीचा दिवस याहून कठीण. पाट्यावर वाटण, जात्यावर दळण, उखळात भात कांडणं, विहिरीचं पाणी डोक्यावर. हे सगळं "व्यायाम" म्हणून कोणी केलं नाही, त्यामुळे ते बंद झालं तेव्हा काही हरवलं असंही कोणाला वाटलं नाही. आता पॉवर टिलर आला, भात गिरणीतून येतो, वाडीपर्यंत डांबर पोचलं, दारात बाईक आहे, पाणी पंपाने चढतं. आणि पोरं मुंबईला असल्यामुळे निम्मी खाचरं पडीकच आहेत. यातलं काहीही वाईट नाही. आजीच्या मणक्यांनी त्या कष्टांची जबर किंमत मोजली, ती मी रोज एक्सरेत पाहते. पण खर्चाची बाजू रिकामी झाली, हे खरं.

दुसरी गोष्ट, आजोबांचं ताट. भात उकड्या तांदळाचा, बराचसा हातसडीचा. सकाळी पेज. तोंडी लावायला कुळथाची पिठी, एखादी भाजी, माशाचं पातळ कालवण. तळण सणाला. आज भात निम्मा झाला, पण त्याच्या शेजारी तळलेली तुकडी, फरसाण, संध्याकाळचा वडापाव आणि रात्रीचं बिस्किट आलं. भात मोजला जातो, बाकीचं मोजलं जात नाही.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही, कारण ती अभिमानाने सांगण्यासारखी नाही. आजोबा वर्षातले दोन-तीन महिने अर्धपोटी असत. आगोटीला भरून ठेवलेलं संपत आलं की श्रावणात कणगीचा तळ दिसायचा, आणि अंगावर चढलेलं मांस उतरून जायचं. नवं भात येईपर्यंत शरीर साठवणीवर चालायचं. आपलं शरीर त्याच तयारीत अजून साठवतंय, फक्त तो श्रावण आता येत नाही.

आणखी एक. गावात सडसडीत राहिलेले आजोबा तुमच्या लक्षात आहेत. पन्नाशीच्या आतच गेलेली त्यांची भावंडं आठवणीत नाहीत.

६. नारळ आणि मासे बंद करू का?

नको. ओल्या खोबऱ्याचा जवळपास तिसरा हिस्सा स्निग्धांश असतो आणि १०० ग्रॅममधून साधारण ३५० उष्मांक मिळतात, हे खरं. पण नारळ आपल्या स्वयंपाकात शेकडो वर्षं आहे आणि पोटं सुटली ती गेल्या काही दशकांत. एका नारळाचं वाटण सहा माणसांत दोन वेळा पुरवणं वेगळं आणि दोन माणसांच्या घरात रोज एक नारळ फोडणं वेगळं. सोलकढीही पातळ दुधाची असेल तर हरकत नाही. घट्ट दुधाचे तीन पेले म्हणजे मात्र एक जेवणच.

मासा तर निर्दोष आहे. बोंबील, मांदेली, लेपा यांत चरबी नगण्य. बांगडा आणि तारली तेलकट, पण ते तेल कामाचं. वजन वाढतं ते रव्यात घोळवून तव्यावर सोडलेल्या तेलाने. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक, आणि रवा तेल पितो. दवाखान्यात मी विचारते, "महिन्याला तेल किती लिटर लागतं, घरात माणसं किती?" हा भागाकार कोणत्याही आहारतक्त्यापेक्षा खरं बोलतो.

मासेमारीबंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, अनेक घरांत माशाची जागा भजी आणि पापड घेतात. त्याच दोन महिन्यांत पावसामुळे पायही घरात अडकतात. बऱ्याच जणांचं वजन माझ्या नोंदींत याच काळात चढलेलं दिसतं.

७. हापूस आंब्याने वजन वाढतं का?

मध्यम आंब्याच्या गरातून साधारण ९० ते १०० उष्मांक मिळतात. कापून खाल्लेला एखादा आंबा त्रासाचा नाही. वाटीवर वाटी आमरस, वर तूप, सोबत पुऱ्या, रात्री आम्रखंड, असं मे महिनाभर चाललं तर दोन-तीन किलो सहज चढतात. तेही पावसाळ्यात उतरले तर काही बिघडत नाही. बहुतेकांचे उतरत नाहीत. मधुमेह असेल तर प्रश्न वेगळा, त्याचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

८. पाच-दहा रुपयांच्या पॅकेटांनी एवढं काय होतं?

पुष्कळ होतं. वाडीवरच्या दुकानात दाराला पॅकेटांच्या माळा लटकलेल्या असतात. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, भरपूर प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं. समोर मांडलेल्या जेवणात उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ, चोथा सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखानी अन्नाच्या काळात माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत साधारण ०.९ किलोने वाढली. दुसऱ्या काळात तेवढीच उतरली. त्यांना कोणी हावरट म्हणणार नाही. ते अन्न मऊ असतं, भराभर गिळलं जातं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचेपर्यंत पुडा संपलेला असतो.

चाकरमानी काका गणपतीला येताना अशा पुड्यांची पिशवी भरून आणतात. प्रेमानेच आणतात. त्यांना सांगा, पुढच्या वेळी चेंडू आणा.

९. मी गोड खातच नाही, फक्त चहा पिते. चालेल ना?

दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. चहा सोडू नका, चमचे उतरवा. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला तर जीभ तक्रार करत नाही. गूळ घातला तरी हिशेब तोच.

१०. मी आठवड्याला दोन उपास करते, तरी वजन हलत नाही.

उपासाला काय खाता ते पाहा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचा कूट, तूप, बटाटा. खिचडीची एक भरलेली ताटली रोजच्या जेवणाला सहज मागे टाकते, आणि दुसऱ्या दिवशी भूकही वसूल करून घेते. तुमची श्रद्धा मी मोडायला सांगत नाही. वरीचे तांदूळ, ताक, फळ यावर उपास होतो.

११. पहिल्या बाळंतपणानंतर सुटले ती सुटलेच. डिंकाच्या लाडवांनी का?

लाडू एकटे दोषी नाहीत. गरोदरपणात १० ते १२ किलो वाढणं रास्तच. त्यातले काही किलो बाळंतपणानंतर मागे राहतात, आणि पुढच्या खेपेला त्यावर भर पडते. सव्वा महिना तूप, अळिवाची खीर, डिंक आणि पूर्ण विश्रांती ही रीत ज्या काळातली आहे त्या काळात बाळंतीण मुळात अशक्त असे आणि सव्वा महिन्यानंतर थेट शेतात जाई. आता खुराक राहिला, शेत गेलं.

त्यात तुटकी झोप (प्रश्न १५). आणि एक कारण जे मी फक्त बायकांत पाहते: मुलाने टाकलेला घास, पातेल्यात उरलेला भात, "वाया कशाला" म्हणून ओट्यापाशी उभ्यानेच संपवणं. ते जेवण म्हणून कोणी मोजत नाही.

१२. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनने वजन वाढतं का?

नाही. त्यात फक्त बीजनलिका बंद करतात. बीजकोश आणि त्यांची संप्रेरकं जशीच्या तशी राहतात. ऑपरेशन बहुधा दुसऱ्या बाळंतपणाच्या आगेमागे होतं, आणि वजन त्याच काळात प्रश्न ११ मधल्या कारणांनी वाढत असतं. नाव ऑपरेशनचं होतं. या भीतीने कितीतरी बायका नको असलेलं तिसरं गरोदरपण सोसतात, म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे.

१३. मला थायरॉईड आहे. पीसीओएस आहे. पाळी जातेय. यामुळेच वजन वाढलं ना?

तिन्हींचा वाटा आहे, पण सारखा नाही. थायरॉईड कमी पडल्याने वाढणारं वजन बहुधा २ ते ४ किलो असतं, आणि त्यातलं बरंचसं अंगात धरलेलं पाणी आणि मीठ. गोळी बरोबर लागू झाली की ते उतरतं. २० किलो वाढले असतील तर उरलेल्या १६ किलोंचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नॉर्मल आल्यावर बायका निराश होतात, "मग कशानं?" असं विचारतात. त्यांना एक नाव हवं असतं, जे त्यांच्यावर दोष ठेवणार नाही. मला ते समजतं.

पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी जोडलेला संप्रेरकांचा बिघाड, आणि वजन एकमेकांना ढकलतात. इन्सुलिन नीट लागू पडत नाही, चरबी साठते, साठलेली चरबी संप्रेरकं आणखी बिघडवते. अनियमित पाळी, हनुवटीवर केस, मानेच्या मागे काळपट मखमली पट्टा दिसला तर तपासून घ्या.

पाळी जाताना चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. स्नायूही उतरतात. "चाळिशीनंतर शरीराचा जाळच मंदावतो" हे मात्र तितकंसं खरं नाही. ६,४०० हून जास्त लोकांच्या मोजमापांवरून २०२१ साली दिसलं की शरीराच्या आकाराच्या मानाने रोजचा खर्च २० ते ६० या वयात जवळपास स्थिर असतो.

१४. औषधांनी वजन वाढतं का?

हो, आणि हे कारण सर्रास निसटतं. मानसिक आजारावरची ओलँझापिन आणि क्लोझापिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, अर्धशिशीला देतात ते अमिट्रिप्टिलीन, मधुमेहातलं इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि पायोग्लिटाझोन, रक्तदाबावरचे काही बीटा ब्लॉकर. सर्वांत वर स्टेरॉईड. यातलं एकही स्वतःहून बंद करू नका. पर्याय असतो तेव्हा डॉक्टर बदलून देतात.

एक प्रसंग सांगते. गुडघेदुखीची एक आजी तीन वर्षं बाजारात मिळणारी बिननावाची पुडी घेत होत्या. गुडघे अगदी मोकळे. पण चेहरा चंद्रासारखा गोल, खांद्यांच्या मागे चरबीचा उंचवटा, पोटावर जांभळे चट्टे, हातपाय मात्र काठीसारखे. "पुडीनं भूक पण मस्त लागते," असं त्या आनंदाने सांगत होत्या. ही स्टेरॉईडचीच लक्षणं होती. अशी पुडी घेत असाल तर घेऊन या, दाखवा. एकदम थांबवू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉईड बनवणं थांबवलेलं असतं, आणि अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो.

१५. लोट्याला कंपनीत लागल्यापासून दहा किलो वाढले. डबा घरचाच आहे. पाळ्यांमुळे असेल का?

दाट शक्यता आहे. खेडजवळच्या लोटे-परशुराम वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारे बरेच तरुण हेच सांगतात. २००४ मधल्या एका लहान प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तृप्तीचं संप्रेरक लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भुकेचं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ गोड-खारटाकडे लागली. रात्री दोनला खाल्लेला डबा शरीर दिवसासारखा हाताळत नाही, आणि सकाळी घरी आल्यावर आई पुन्हा वाढते ते निराळंच. रात्रपाळीत एकच हलकं जेवण मध्यरात्रीपूर्वी घ्या, पहाटे वडापाव टाळा, आणि दिवसा खोली काळोखी करून सलग झोपा.

घोरणं जोरात असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल तर ते चक्र उलटंही फिरतं. जाड मानेने झोप बिघडते, बिघडलेल्या झोपेने वजन वाढतं.

१६. आई गावी एकटी असते. फार खात नाही, तरी जाड होत चालली आहे. काय असेल?

मुलगा मुंबईला, मुलगी पुण्याला, घरात बारा खोल्या आणि एक माणूस. एकट्यासाठी कोण माशाचं कालवण करणार? चहा-बिस्किट, चहा-टोस्ट, रात्री दूध-पोहे. पोट भरतं, प्रथिनं जवळपास नाहीत. स्नायू उतरतात, त्यांची जागा चरबी घेते. गुडघे दुखतात म्हणून अंगण सुटत नाही. उदासी असेल तर भूक आणि झोप दोन्ही बदलतात. अशा आयांना आहाराचा तक्ता लिहून देऊन मी काहीच साधलेलं नाही. शेजारणीबरोबर एक वेळचं जेवण एकत्र रांधायचं ठरवून दिलं, तेव्हा फरक पडला. औषधंही तपासा (प्रश्न १४).

१७. बिडी सोडली आणि पाच किलो वाढले. परत ओढू का?

नाही. निकोटीन भूक मारतं आणि खर्च थोडा वाढवतं, म्हणून सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वाढतात. बिडीचा धोका या किलोंपेक्षा कैक पटीने मोठा आहे. मिसरी सोडणाऱ्या बायकांनाही हेच. तोंडात काहीतरी हवं वाटलं तर बडीशेप, ओवा, आवळा.

१८. मुलगा गुटगुटीत आहे. मोठा झाला की उतरेल ना?

काही मुलांचं उतरतं, पण त्या भरवशावर राहू नका. जाड मुलांतली पुष्कळशी मोठेपणीही जाड राहतात. त्याची उंची वयाप्रमाणे वाढते आहे का, हे आधी पाहा. नुसत्या खाण्याने जाड झालेली मुलं सहसा बरोबरीच्या मुलांपेक्षा उंच असतात. जाडी वाढतेय आणि उंची थांबली आहे, असं असेल तर थायरॉईड किंवा कॉर्टिसॉलचा (शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉईडचा) बिघाड तपासायलाच हवा.

दोन-तीन वर्षांच्या आतच वजन बेसुमार वाढलं, भूक कशानेच शमत नाही, बाळ जन्मतः लुळं होतं किंवा शिकायला मागे आहे, अशा मुलांत प्रेडर-विली नावाचा जन्मजात जनुकीय आजार किंवा लेप्टिनच्या जनुकातला बिघाड असू शकतो. हे फार विरळा, पण अशा आईला "तूच भरवतेस" असं ऐकवणं क्रूर आहे. तिला मोठ्या रुग्णालयातल्या बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवायला हवं.

१९. "डॉक्टरांनू, मी खातंय कितीसा?" खरंच कमी खाऊनही वजन का उतरत नाही?

दोन गोष्टी एकत्र घडतात. एक, आपण सगळेच खाल्लेलं कमी आठवतो. खोटं बोलत नाही, खरंच आठवत नाही. तीन दिवस जे तोंडात जाईल ते लगेच लिहा, खोबऱ्याचा तुकडाही.

दुसरी, वजन उतरू लागलं की शरीर घाबरतं. लेप्टिन घटतं, भूक वाढते, आणि शरीर अपेक्षेहून कमी उष्मांकांत काम भागवू लागतं. ही अवस्था महिनोन् महिने टिकते. म्हणून सहा महिन्यांत उतरवलेलं दीड वर्षात परत येतं, आणि माणूस स्वतःला दोष देतो. दुष्काळात टिकून राहण्याची ही जुनी सोय आहे, स्वभावाचा दोष नव्हे. उतरवण्याइतकंच, किंबहुना जास्तच, लक्ष उतरलेलं टिकवण्याकडे द्यावं लागतं, आणि काहींना त्यासाठी औषध किंवा शस्त्रक्रियाही लागते. ती घेण्यात कमीपणा नाही.

२०. पंधरा दिवसांत सहा किलो वाढले. एवढं कसं खाल्लं गेलं?

खाल्लं गेलेलं नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक. सहा किलो चरबी पंधरा दिवसांत साठवायची तर रोज ३,००० उष्मांक नेहमीच्या जेवणाच्या वर खावे लागतील. इतक्या वेगाने वाढतं ते पाणी.

नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. काढल्यावर खळगा राहिला तर ती सूज आहे. सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, लघवीला फेस असेल तर मूत्रपिंड. उताणं झोपल्यावर दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं, तर हृदय. पोट ताणून टणक झालं, डोळे पिवळे दिसतात आणि दारूची सवय आहे, तर यकृत. एकच पाय सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी असू शकते. गरोदर बाईच्या चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, सोबत डोकेदुखी, असेल तर रक्तदाब तातडीने मोजायला हवा.

यातलं काहीही दिसलं तर चालायला जाऊ नका, जेवण तोडू नका, सोमवारच्या बाजाराची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे एका पिशवीत घालून बरोबर न्या.